चैत्रात या

दारूवाला पुलाच्या अलीकडे, सायकलच्या दुकानाला लागून
हातिमशेठची पाटी होती: बंदुका दुरुस्त करून मिळतील.
चौदाव्या वर्षी मी तिथं लागलो.
नळी धरायची, आतून गज फिरवायचा,
चिंधी पांढरी बाहेर येईस्तोवर.

दिवाळी सरली की गिऱ्हाईक वाढायचं.
डॉक्टर, मामलेदार, कँपातला एक बेकरीवाला,
भोरकडचे इनामदार, ज्यांना एका डोळ्यानं दिसायचं नाही
आणि ते कुणी बोलायचं नाही.
शेठ म्हणायचे, पोरा, पंचांग बघू नकोस,
कपाटातल्या बंदुका मोज.
कपाट रिकामं झालं की समज
सांबर माजावर आलं.

सगळे एकच विचारायचे, केरबा मरगळ्याला.
मोसे खोऱ्यातला धनगर, महिन्यातून एकदा
तूप घेऊन मंडईत यायचा,
जाताना आमच्या फळीवर टेकायचा.
कार्तिकात, की मार्गशीर्षात, केरबा?
तो तंबाखू मळत राही.
"थंडी नाकाला झोंबली की."
मग सांगायचा, एकेक शब्द तोलून विकल्यासारखा:
नर चिखलात लोळतो, मान जाड होते,
शिंगानं झाडाची साल सोलून ठेवतो,
खात नाही, झोपत नाही.
एरवी पान हललं तरी उधळणारं जनावर,
तेव्हा माणसाचा वास आला तरी वळून बघत नाही.
"तेव्हा त्याला मारायचं म्हणजे
बोहल्यावरच्या नवऱ्याचा खिसा कापायचा."
सगळे हसायचे. इनामदार जरा जास्त.
आणि त्याच आठवड्यात जीप निघायची.

दुष्काळाच्या आदल्या साली, ज्येष्ठात,
केरबा आला तो तूप न घेता.
पोत्यात गुंडाळलेली ठासणीची बंदूक फळीवर ठेवून म्हणाला,
ही घ्या.
किती द्यायचे? शेठनी विचारलं.
तो भिंतीवरच्या दिनदर्शिकेकडं बघत
बोटांची पेरं मोजू लागला,
घरातल्या बाया सुनेचे महिने मोजतात तसा, पण उलटा.
ज्येष्ठ, वैशाख, चैत्र, फाल्गुन...
कार्तिकापाशी अंगठा थांबला.
"पाण्यावर दोघं होती. म्या बघितली.
नराला सोडला तवा. लई मोठेपणा वाटला माझा मला.
परवा अंधारात मादी पडली.
पोट फाडलं,
तर खूरसुदीक आले होते. मऊ.
भिजल्या शेंगेवानी."

शेठनी गल्ला उघडला. त्यानं पैसे घेतले नाहीत.
शेठनी चहा मागवला. तोही तसाच राहिला, साय धरून.
मी त्याच्या नळीत गज फिरवत बसलो
संध्याकाळपर्यंत. काळी चिंधी.
काळी चिंधी.

पुढं कायदा आला. कपाट भरलेलंच राहू लागलं.
शेठ गेले, आता तिथं मोबाईलची कव्हरं मिळतात.
मी धायरीत असतो, लेकाकडे, सातव्या मजल्यावर.
रविवारी त्याचे मित्र येतात,
हातभर लांब भिंगांचे कॅमेरे, खिसेच खिसे असलेली जाकिटं.
काका, तुम्हाला ठाऊक असेल,
नर उघड्यावर कधी येतो?
कार्तिकात, की मार्गशीर्षात?

भली पोरं आहेत. रिकाम्या बाटल्या परत आणतात,
जनावराला दगडसुद्धा मारायची नाहीत.
पण त्यातला एकजण भिंग मांडीवर घेऊन पुसतो
आणि मधेच फडकं उजेडात धरून बघतो,
पांढरं आलं का,
तेव्हा माझा हात आपोआप पुढं होतो
नळी धरायला.

चैत्रात या, मी सांगतो.
पोरं वहीत लिहून घेतात.

चैत्रात त्याची शिंगं गळून गेलेली असतात.
फेटा हरवलेल्या म्हाताऱ्यासारखा
तो करवंदीच्या जाळीत तोंड घालून बसतो
आणि कुणाला दिसत नाही.